ट्वेटांच्या रस्त्यावरचा वरंबा

१

मंगळवार, गुरुवार, शनिवार. आठवड्यातले हे तीन दिवस आर्डिस ट्वेट शहरातल्या दवाखान्यात यंत्राला जोडलेली असायची, आणि उरलेले चार दिवस त्या तीन दिवसांचा शीण काढण्यात जायचे. मूत्रपिंडं गेली ती गेलीच. जायचं, रक्त धुऊन घ्यायचं, घरी येऊन पडायचं, पुन्हा जायचं. कपडेसुद्धा कुणी एवढ्या वेळा धूत नाही, असं ती पहिल्या वर्षी म्हणायची आणि लोक हसायचे. आता तिलाच त्या विनोदाचा कंटाळा आला होता.

दवाखाना लांब होता, पण खरी अडचण ती नव्हती. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्ध्या मैलाची वाट होती, आणि हिवाळ्यात घोडं तिथं पेंड खायचं. उत्तर डकोटाचा तो माळ म्हणजे वाऱ्याला आंदणच दिलेला. जुनी वाट शेतापेक्षा खोलगट, दोन्ही अंगांना झुडपं. एक वादळ झालं की काठोकाठ भरायची. गेल्या मार्चमध्ये वादळानं असं ठाण मांडलं की आर्डिसच्या लागोपाठ फेऱ्या चुकल्या आणि फुप्फुसात पाणी चढलं. शेवटी शेजारचा क्लेम फेटिग आपला मोठा ट्रॅक्टर घेऊन शेतातून आला, तिला रजईत गुंडाळून केबिनमध्ये बसवलं आणि घेऊन गेला. ती वाचली. तिच्या नवऱ्यानं, ऑर्लिननं, मात्र ते फार मनाला लावून घेतलं.

दवाखान्यात खाटेशेजारी बसून तो एवढंच म्हणाला होता, "रस्त्यापायी नाही, आर्डिस. दुसऱ्या कशानं जायची असशील तर जा, पण रस्त्यापायी नाही." सत्तरीला टेकलेला, बोलायला कंजूष माणूस. एकदा बोलला म्हणजे तो ते करणार, हे तिला ठाऊक होतं.

२

उन्हाळाभर तो रस्ता बांधत होता. जुनी वाट सोडून दिली आणि शेताच्या मधून सरळ आखणी केली. आधी काळी माती खरवडून काढली, कारण काळ्या मातीवरचा रस्ता पहिल्याच वितळणीत खाली बसतो. मग चिकणमातीचा भराव घातला, शेतापेक्षा चांगला मांडीभर उंच. त्यावर जाड कापड, कापडावर मोठा दगड, दगडावर खडी, आणि खडी धरून ठेवण्यापुरती बारीक माती. मधली पाठ जराशी फुगीर. पाण्याला मोऱ्या. कडेचे उतार इतके पसरट की गाय लोळली तरी लागू नये.

क्लेम रोज दुपारी यायचा, ट्रक कडेला लावायचा आणि नावं ठेवायचा. राज्यपाल येणारेत का कॉफीला, विमान उतरवायचंय का, असलं काहीबाही. आणि बोलता बोलता स्वतःच फावडं उचलायचा. ऑर्लिन हसायचा नाही, पण क्लेम एक दिवस आला नाही तर त्याचं कामात लक्ष लागायचं नाही.

जेवताना ऑर्लिन आर्डिसला सगळं समजावून सांगायचा. वारा म्हणजे झाडूवाला, तो म्हणायचा. त्याला अडवलं की तो वैतागून कचरा तिथंच टाकतो. रस्ता उंच ठेव, गुळगुळीत ठेव, मधे काही उभं करू नकोस. तो आपणहून झाडून जातो. आणि आडोसा हवाच असेल तर रस्त्यापासून लांब हवा, चांगला लांब. लांबचा आडोसा बर्फ शेतातच पाडतो आणि रस्ता वाचवतो. जवळचा आडोसा तोच बर्फ आणून रस्त्यावर ओततो.

म्हणून त्यानं कडेची सगळी झुडपं उपटली. पश्चिमेकडचं शेत क्लेमकडं खंडानं होतं. कापणीच्या वेळी त्यानं तिथं दूरवर मक्याच्या काही ओळी उभ्याच सोडल्या, बर्फ अडवायला. तिकडचे लोक सोडतातच. ऑक्टोबरात ऑर्लिननं रस्त्याच्या कडेनं खुणेच्या काठ्या रोवल्या, हात झटकले आणि आर्डिसला गाडीत घालून उगाचच डांबरीपर्यंत नेऊन परत आणलं. खडी चाकांखाली छान वाजत होती. आर्डिसला त्या माणसाची माया वाटली आणि दमल्यासारखंही वाटलं. एवढा रस्ता बांधल्यावर आता त्यावरून जात राहणं आलं.

३

पहिलं वादळ नोव्हेंबरच्या शेवटी झालं. सकाळी दोघं खिडकीशी उभी राहिली. पांढऱ्या शेतातून रस्ता झाडून पुसून ठेवल्यासारखा, खडी न खडी दिसत होती. ऑर्लिननं कॉफीचा कप असा वर केला की जणू रस्त्याचं आरोग्य चिंतत होता.

मग आर्डिसचं लक्ष डांबरीच्या टोकाकडं गेलं. टपालपेटीच्या अलीकडं रस्त्यावर बर्फाचा एक वरंबा बसला होता. लांबोडा, पश्चिमेला अरुंद आणि उंच, पूर्वेला पसरत गेलेला. बाकी सगळा रस्ता कोरा आणि तेवढाच एक वरंबा.

ऑर्लिननं जाऊन ट्रॅक्टरच्या पात्यानं तो ढकलून दिला. कारणही सापडलं. क्लेमनं चांगुलपणा करून गवताचे गोल गठ्ठे रस्त्याच्या पश्चिमेला रचून ठेवले होते, रस्त्याला आडोसा म्हणून. आणि ते होते रस्त्याच्या अगदी उशाशी. ऑर्लिननं त्याला चांगलंच झापलं. जन्म गेला या वाऱ्यात आणि अजून गठ्ठे कुठं ठेवावेत हे कळत नाही, म्हणाला. क्लेम वरमला, गठ्ठे उचलून आपल्या गोठ्यामागं घेऊन गेला. प्रश्न मिटला.

पुढच्या वादळानंतर वरंबा पुन्हा होता. तीच लांबी, तोच आकार. जागा मात्र पहिली नव्हती. तो घराच्या दिशेनं खुणेच्या काही काठ्या ओलांडून अलीकडं सरकला होता.

४

आर्डिसचा बाप याच माळावर शेती करत मेला. तो पोरांना बर्फ वाचायला शिकवायचा. वाऱ्याला कुणीतरी अडवल्याशिवाय बर्फ बसत नाही, हे त्याचं पहिलं सूत्र. वरंबा दिसला की त्याच्या डोक्याकडं बघायचं, वारा जिकडून आला तिकडं. तिथं काहीतरी उभं असतंच: खांब, झुडूप, मेलेली गाय. वरंबा रुंद असेल तर वस्तू रुंद, लांबट निमुळता असेल तर वस्तू उंच आणि अंगानं बारीक. वादळात हरवलेली माणसं त्यानं अशीच शोधून काढली होती.

त्या सूत्रानं आर्डिसनं खिडकीतून पाहिलं. वरंब्याच्या डोक्याशी काही नव्हतं. मोकळं शेत होतं आणि थेट मक्याच्या ओळींपर्यंत पांढरं.

ऑर्लिनचं म्हणणं पडलं की रस्त्यालाच तिथं उंचवटा असणार. तो गोठलेल्या खडीवर पातळी लावून वाकून वाकून बघत होता. उंचवटा निघाला नाही. मग म्हणाला, मोरीचं तोंड असेल. मोरी तिथं नव्हतीच. मग तो नुसता वरंबा फोडत राहिला. त्या वरंब्याचा बर्फ इतका घट्ट बसायचा की पातं त्याच्यावर घसरायचं, आणि उरलेलं फावड्यानं कोरून काढावं लागायचं.

घरात आल्यावर तो खुर्चीत बसून डावा खांदा चोळायचा. आर्डिसनं विचारलं तर म्हणायचा, फावड्याचा खांदा आहे, दुखणारच. दवाखान्यात दाखव म्हटलं तर म्हणायचा की एका घरात एकच पेशंट मावतो. आजारी माणसाला दुसऱ्याच्या दुखण्यावर बोलायचा हक्क राहत नाही, असं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तिच्यात भांडायचं त्राणही नव्हतं.

५

ख्रिसमसनंतरच्या एका रविवारी तिला जरा बरं वाटत होतं. ऑर्लिन चर्चला गेला होता. ती कोट, टोपी, बूट चढवून काठी टेकत टेकत रस्त्यानं निघाली. वरंबा एव्हाना निम्म्या वाटेवर आला होता. सकाळीच ऑर्लिननं तो फोडून गाडी बाहेर काढली होती आणि त्याच्या पाठोपाठ वाऱ्यानं तो पुन्हा भरला होता.

ती उतारावरून खाली शेतात उतरली आणि वरंब्याच्या डोक्याशी गेली. तिथं बर्फात एक खळगा होता. खांबाच्या बुडाशी वारा गिरक्या घेऊन कोरतो तसा, घोड्याच्या नालेसारखा, थेट खालच्या काळ्या मातीपर्यंत. मधली जागा कोरडी. एखादं माणूस पाय जुळवून उभं राहील एवढी. खांब नव्हता. कधी असल्याची खूणही नव्हती.

आपलं डोकं ठिकाणावर नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. रक्तात विष साठलं की भलतंसलतं दिसतं, हे नर्सनं पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. तिला भिंतीवर मुंग्या दिसल्या होत्या एकदा. पण त्या मुंग्यांना कुणी फावड्यानं फोडत नव्हतं. हा वरंबा ऑर्लिन फोडत होता, क्लेमनंही पाहिला होता.

वारा होताच. डोळ्यांतून पाणी काढणारा. ती वळून परत निघाली ती वरंब्याच्या बाजूनं, खळग्याच्या मागून, आणि एकदम वारा थांबला. कानाशी चाललेली शिट्टी बंद. गालांना ऊब आली. दोन्ही बाजूंनी बर्फाची भुकटी सुसाट पळत होती आणि ती जिथं उभी होती तिथं पापणीसुद्धा हलत नव्हती. इतकं बरं वाटलं की तिला रडू आलं. यंत्र नको, सुई नको, उद्या नको, इथंच टेकावं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या तरी पाठीमागं उभ्या आहोत.

ती कशीबशी रस्त्यावर चढली आणि मागं न बघता घरी आली. मनात भीतीपेक्षा दुसरंच काही होतं. आलं आहे ते माझ्यासाठी, एवढं तिला स्पष्ट कळलं होतं. दुसऱ्या कुणासाठी येणार? घरातला पेशंट तीच होती. ऑर्लिनला यातलं काही सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. बिचारा आधीच रस्त्यापायी अर्धा झाला होता.

६

जानेवारीत प्रत्येक वाऱ्यासरशी वरंबा अलीकडं येत गेला. आता तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट दिसायचा. आर्डिस रोज सकाळी पडदा सारून बघायची, पाहुणा कुठवर आला म्हणून. तिला त्याची सवय झाली होती. कधी कधी तर तिला वाटायचं, लवकर यावा.

एका बुधवारी तिनं ऑर्लिनपुढं विषय काढला. तो लेफ्सा खात होता. बटाट्याची ती पोळी तिला पथ्यात वर्ज्य, म्हणून तो पाठ करून खायचा, चोरून खाल्ल्यासारखा.

"ऑर्लिन, मी थांबवायचं म्हणतेय."

"काय थांबवायचं?"

"जाणं. यंत्र. डॉक्टर म्हणतात, थांबवता येतं. त्रास होत नाही फारसा. झोप लागते."

तो वळला नाही. पोळीचा घास तोंडात तसाच राहिला असावा, कारण आवाज जड आला. "मग मी रस्ता कुणासाठी बांधला?"

"तू बांधलास, फार छान बांधलास. पण मी दमले रे."

"दमलो तर मीही आहे," तो म्हणाला. "म्हणून काय झालं? उद्या गुरुवार आहे. उद्याचं उद्या बघू. मी रस्ता मोकळा ठेवतो, तू फक्त गाडीत बस. तेवढं कर माझ्यासाठी."

त्या माणसानं सगळी जिंदगी तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. तिनं हो म्हटलं. आणि मनात म्हणाली, तू कितीही मोकळा ठेव, दाराशी येणारं येणारच आहे.

७

फेब्रुवारीत एक शुक्रवार उजाडला तो लखलखीत. वर निळंभोर आभाळ, ढगाचा ठिपका नाही, आणि खाली जमिनीलगत सुटलेलं वादळ. तिकडं असं होतं: नवा बर्फ पडत नाही, पडलेलाच उठून पळायला लागतो. कमरेपर्यंत पांढरा लोंढा आणि त्याच्या वर स्वच्छ ऊन. गायींची धडं दिसतात, पाय दिसत नाहीत.

वरंबा अंगणात आला होता. घराच्या पायऱ्या आणि गॅरेज यांच्या मधे, आडवा. तिथं ट्रॅक्टर वळायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ऑर्लिननं टोपीचे कान खाली ओढले, फावडं घेतलं. आर्डिस म्हणाली, वारा पडू दे, क्लेमला बोलावू. तो म्हणाला, क्लेमनं गेल्या वर्षी नेलं तेवढं पुरे झालं. दार लावताना त्यानं डावा हात खिशात घातला आणि उजव्यानं दार ओढलं. तिनं ते पाहिलं आणि सोडून दिलं.

ती खिडकीशी बसली. तो कमरेएवढ्या लोंढ्यात उभा राहून फावडं मारत होता. लोंढा त्याच्यापाशी येऊन दुभंगायचा, दोन्ही बाजूंनी जायचा, आणि पुढं जाऊन मिळायचा. ओढ्यात उभ्या माणसाभोवती पाणी जातं तसा. त्यात काही नवल नव्हतं.

मग तिला दिसलं की लोंढा ऑर्लिनच्या आधीच दुभंगतोय. त्याच्या पश्चिमेला, हातभर अंतरावर, बर्फ एका उभ्या रेषेशी येऊन दोन बाजूंना होत होता. मधे काही नव्हतं. पलीकडचं गॅरेज दिसत होतं, गॅरेजचं कुलूपसुद्धा दिसत होतं. वाऱ्याचा एक मोठा झोत आला, भुकटी उंच उसळली, आणि क्षणभर तिच्यात एक पोकळी राहिली. ऑर्लिनपेक्षा उंच. खांद्यांपाशी रुंदावलेली. ऑर्लिनकडं पाठ करून उभी.

ऑर्लिननं फावडं मारणं थांबवलं होतं. त्याच्या टोपीचे कान, जे मघापासून फडफडत होते, ते आता सरळ खाली लोंबत होते. त्यानं टोपी काढली. त्याचे पांढरे केस जराही हलले नाहीत. मग त्यानं हातमोजे काढले, फावड्यावर दोन्ही हात ठेवले, हातांवर हनुवटी टेकली. त्याच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की उभं आयुष्य उभं राहून काढलेल्याला कुणी बसायला जागा दिली असावी. ते सुख आर्डिसला माहीत होतं.

तिनं काच बडवली. त्यानं घराकडं पाहिलं, तिला पाहिलं, आणि एक हात जरा उचलला. जेवायला हाक मारली की तो गोठ्यातून असाच हात करायचा: आलोच, थांब.

तिनं क्लेमला फोन लावला, काय बोलली तिचं तिला कळलं नाही. तशीच चपलांवर बाहेर गेली. पायऱ्यांच्या कठड्याला धरून वाऱ्यात उभी राहिली, आणि ऑर्लिनकडं नाही, त्याच्या पुढच्या त्या रिकाम्या जागेकडं बघून ओरडली.

"अरे, चुकतोयस तू. मी आहे ती. मी इकडं आहे."

वारा चढला आणि सगळं पांढरं झालं. पायरी उतरायला तिनं पाय उचलला, पण पाय तिचं ऐकेना. तिथंच ती खाली बसली. स्वतःच्या दुखण्याचा तिला इतका संताप कधी आला नव्हता.

८

क्लेम आला तोवर वारा पडत चालला होता. ऑर्लिन वरंब्याशी बसलेला होता, पाठ टेकून, टोपी मांडीवर. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. फावड्यापायी दर हिवाळ्यात अशी चार माणसं जातात. क्लेम आर्डिसला म्हणाला की ऑर्लिन बसला होता तिथं बर्फाचा कण नव्हता, कोरडी खडी होती नुसती.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांनी मांस घालून भट्टीत भाजलेल्या पदार्थांची भांडी आणली, कॉफी उकळली, आणि ऑर्लिनच्या रस्त्याचं तोंड भरून कौतुक केलं. अंत्यविधीच्या आदल्या रात्री तुफान वारा होता, तरी शववाहिका त्या रस्त्यानं विनासायास येऊन गेली होती. असा रस्ता बघितला नाही, लोक म्हणाले. एकाही जागी बर्फ नाही.

आर्डिसनं ठरवून टाकलं होतं. आता मागणारा उरला नव्हता आणि त्याला दिलेला शब्दही उरला नव्हता. पेशंट नेणारी तालुक्याची गाडी मंगळवारी न्यायला येईल, तिला दारातूनच परत पाठवायचं. आणि त्याहून सोपं म्हणजे वादळ होईल, वरंबा बसेल, गाडी डांबरीवरूनच मागं फिरेल. कुणाला काही सांगावंही लागणार नाही.

सोमवारी रात्रभर घर हादरत होतं. सकाळी तिनं पडदा सारला.

अंगण कोरं होतं. रस्ता डांबरीपर्यंत कोरा होता, नोव्हेंबरातल्या त्या पहिल्या सकाळपेक्षाही स्वच्छ. आणि पश्चिमेच्या शेतात, रस्त्यापासून चांगलं लांब, जिथं ऑर्लिन म्हणायचा आडोसा हवा बरोबर तिथं, वरंबे पडले होते. दोन. एक लांब, एक त्याहून जरा आखूड. एकमेकांना इतके लागून की मधे हात शिरू नये. दोघांच्या शेपट्या रस्त्याच्या पुष्कळ अलीकडं, शेतातच संपल्या होत्या.

ऑर्लिन आलोच म्हणाला होता, आणि आला होता. ज्यानं त्याला नेलं, त्यालाच दंडाला धरून रस्त्यापासून मागं मागं नेलं असणार त्यानं. हट्टी माणूस. तिला त्याची इतकी आठवण आली आणि त्याचा इतका राग आला की तिला चौकट धरून उभं राहावं लागलं.

गाडी वेळेवर आली. चालवणारी विल्मा नवीन होती, बोलकी होती. तिनं आर्डिसला हात देऊन बसवलं, शालीचं टोक आत सारलं, आणि खडी वाजायला लागली. निम्म्या वाटेवर विल्मानं खिडकीतून शेताकडं मान वळवली.

"मावशी, तिथं खांब रोवलेत का हो? बर्फ बरा अडवलाय."

आर्डिसनं तिकडं बघितलं नाही. "माझा नवरा बघतो ते," ती म्हणाली.

"मग काळजी नाही," विल्मा म्हणाली. "तुमची आता एकही फेरी चुकायची नाही."

आर्डिसनं बाही वर सरकवली, सुई टोचायची जागा चाचपली आणि डोळे मिटले. परवा गुरुवार होता. त्यानंतर शनिवार.